उजवीकडची चार बोटं जागा

सदा, तू खोटं बोललास हे मला तू गेल्यावर कळलं. तेही द्वारकेच्या चौकात, सिग्नलला अडकलेलो असताना.

तुझ्या घरून परत निघालो होतो. नलूवहिनींपाशी बसलो, म्हणजे नुसते बसलोच. निघताना त्यांनी आतून तो तांब्या आणून वैशालीच्या हातात दिला. पितळी, कुशीला पोचा पडलेला, तुझ्या क्लासातला. म्हणाल्या, "घेऊन जा. माझ्याजवळ राहिला तर मी पाणी भरून ठेवीन त्यात, आणि ते त्यांना चालायचं नाही." रडता रडता हसल्या. मग आम्हीही.

तर द्वारकेला स्कूटरवर मी पुढे, वैशाली मागे, तिच्या मांडीवर तांब्या. समोर कांद्याचा एक ट्रक आडवा अडकलेला, रिक्षावाले एकमेकांचा उद्धार करताहेत. ही पोरगी स्कूटरवर कधी बोलत नाही, तुला माहीत आहे. त्या दिवशी माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली,

"बाबा, सदाकाका सगळ्यांना म्हणायचे ना, चित्र कोणालाही काढता येतं?"

"म्हणायचा की."

"मला नाही म्हणाले."

मी मान वळवली. ती तांब्याकडे बघत होती.

"मला म्हणाले, वैशू, तुझं इथपर्यंतच आहे. हे पुढं जायचं नाही. दहावीच्या सुट्टीत म्हणाले. म्हणून तर मी सोडलं. तुम्हाला काय वाटलं?"

मागच्याने हॉर्न दिला. सिग्नल सुटला होता. मी गाडी पुढे घेतली. मला काय वाटलं होतं ते तुला सांगतो, कारण आता तुला सांगण्यात काही धोका उरलेला नाही.

शाळेत तुझी शोकसभा झाली. जो उभा राहिला त्याने तुझं ते वाक्य म्हटलं. "ज्याला शर्टाची गुंडी लावता येते, त्याला चित्र काढता येतं." मुख्याध्यापक म्हणाले, शिपाई म्हणाला, तुझे जुने विद्यार्थी म्हणाले. एकाने तर गुंडी काढून परत लावूनही दाखवली, अगदी तुझ्यासारखी. सगळे गहिवरले. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी घसा बसल्याचं सांगितलं. घसा ठीक होता. त्याच्या आदल्याच दिवशी मी द्वारकेवरून आलो होतो.

तुझं-माझं भांडणच त्या वाक्यावरून सुरू झालं होतं. मी गणिताचा, तू चित्रकलेचा, स्टाफरूममध्ये खुर्चीला खुर्ची. नव्वद-एक्याण्णवची गोष्ट असेल. मी म्हणालो होतो, "सदा, उगीच पोरांना आशा लावू नकोस. गळा असतो तसा हात असतो. असला तर असला." तू डबा खात होतास. खाता खाता म्हणालास, "तुझा हात हाय का?"

"नाही. मला आंबासुद्धा काढता येत नाही."

"मग शनिवारी ये. दुपारी शाळा सुटली की. तुझ्यावरच दाखवतो."

मी आलो. गंमत म्हणून आलो आणि मग येतच राहिलो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की कोपऱ्यावर मिसळ खायची आणि मग तुझ्या चित्रकलेच्या खोलीत, स्टुलावर तो तांब्या, खाली जुनं वर्तमानपत्र. पहिल्या दिवशी मी खिशातून फूटपट्टी काढली आणि तांब्याची उंची, तोंडाची रुंदी मोजायला लागलो. तू दारात उभा राहून बघत होतास. "अरे गणित्या, तांब्या काढतोयस का त्याचं प्रमेय?"

त्याचं तोंड मला कधी जमलं नाही. वर्तुळ तिरकं दिसतं तेव्हा त्याच्या दोन्ही कडा गोल वळायला हव्यात, आणि माझ्या हातून त्या टोकदार व्हायच्या, लिंबाच्या फोडीसारख्या. "हा डोळा झाला," तू म्हणायचास. "तांब्याला तोंड दे. डोळे मला हायेत."

आणि तुझी ती रीत. तू पोरांच्या चित्राला कधी हात लावला नाहीस. दुसरे चित्रकलेचे सर सरळ पोराच्या हातातून पेन्सिल घेतात आणि त्याचं चित्र आपणच नीट करून देतात. पोरगं घरी जाऊन ते आपलं म्हणून दाखवतं. तुला त्याचा मनापासून राग होता. तू सगळ्यांना सांगितलं होतंस, कागदाच्या उजवीकडे चार बोटं जागा माझ्यासाठी सोडा. चूक दिसली की तू तिथे, त्या समासात, बोटाएवढं छोटं चित्र काढायचास, फक्त चुकलेल्या भागाचं. चूक शोधून दुरुस्त करायची ती ज्याची त्याने. माझे सगळे समास तांब्यांच्या तोंडांनी भरलेले असायचे. एकदा वैतागून विचारलं, "हे तुझं कधी थांबणार?"

"ज्या दिवशी मला काढण्यासारखं काही उरणार नाही. समास कोरा राहिला, की समज तुला आलं."

"असं कोणाचं झालंय?"

"अजून नाय," तू म्हणालास. "एकाचंबी नाय."

हे तू फक्त मला सांगितलंस, की सगळ्यांना? गेले काही दिवस मी हाच प्रश्न घेऊन बसलो आहे. मला वाटतं, फक्त मला.

दोनेक वर्षांनी माझ्या बायकोने माझा एक कागद उचलून बघितला आणि म्हणाली, "हा आपला तांब्या नव्हे. हा भाऊजींचा. याला पोचा आहे." तुला सांगितलं तेव्हा तू बाकावर हात आपटून हसलास. "बघ. वहिनींनी ओळखला. आता बोल." वाद तू जिंकला होतास. मी चित्रकार झालो नाही, होणारही नव्हतो. पण ज्याला आंबा येत नव्हता त्याला पोचा यायला लागला. आयुष्यात मी जी काही थोडी नवी गोष्ट शिकलो ती तू शिकवलीस, सदा. हे तुला कधी म्हटलं नाही. आपल्यात ते म्हणायची पद्धत नव्हती.

वैशाली तुझ्या रविवारच्या क्लासला यायला लागली तेव्हा तिसरी-चौथीत असेल. तिला शिकवावं लागत नाही, असं तू मला कधी म्हणाला नाहीस. म्हणायचास, "येते नियमितपणे." पण तिचे कागद मी घरी बघायचो. समासातली तुझी चित्रं दर वर्षी कमी होत गेली. सातवीत असताना तिने बाजारातून येणारी आजी काढली, डोक्यावर भाजीचं गाठोडं, आणि त्या गाठोड्याचं वजन मला माझ्या मानेत जाणवलं. मी कागद खाली ठेवला आणि मला भीती वाटली.

कशाची, ते आता लिहितो. आपल्या शाळेत परीक्षा जवळ आली की मी तुझ्याकडे यायचो. "सदा, आठवी ब चा तास दे. भूमिती राहिली आहे." तू हसत द्यायचास. "घे की. चित्रकलेचा तास म्हणजे गावचं गायरान. कुणाचीबी गुरं चरावीत." इंग्रजीचे घ्यायचे, शास्त्राचे घ्यायचे, पण सगळ्यात जास्त मी घेतले. तू वर्गाबाहेर झाडाखाली बसायचास, किंवा ग्रंथालयात जाऊन पुस्तकांना पुठ्ठे घालायचास. मी तुझ्या फळ्यावरचं अर्धवट चित्र पुसून प्रमेय लिहायचो. इतकी वर्षं पुसलं, आणि माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली: ज्याचा तास कोणीही उचलून नेतं, तसला माणूस माझ्या मुलीने व्हायचं नाही.

दहावीची परीक्षा झाली आणि तिने घरात जाहीर केलं, मला चित्रकला महाविद्यालयात जायचं आहे. काका म्हणाले तर जाईन, असंही म्हणाली. ती तुझा शब्द मानत होती. माझा नाही.

त्या शनिवारी मिसळीच्या टपरीवर मी तुला म्हणालो, "तू तिला सांग, की तिचं काही व्हायचं नाही त्यात. तुझं ऐकेल."

तुझा पाव हातातच राहिला. "काय सांगू?"

"की हात नाही तिला."

"अरे, तिला नाही तर मग कुणाला हाय?"

"म्हणूनच. तुला कळत नाही का? मला नकोय, तिनं उद्या तुझ्या..." मी थांबलो.

"माझ्यासारखं व्हावं," तू वाक्य पुरं केलंस. अगदी शांतपणे. गिऱ्हाईक बिल विचारतं तसं. "बोल की. मास्तर मानूस, वाक्य अर्धं सोडू नये."

मी पाण्याचा ग्लास फिरवत बसलो. तू पाव खाली ठेवलास.

"मी नाय सांगणार. दुसऱ्या कशाबद्दलबी खोटं बोलीन तुझ्यासाठी. ह्याबद्दल नाय. मला नांदगावच्या मास्तरानं काय सांगितलं होतं, तुला म्हाईतय."

माहीत होतं. तू ते किती वेळा सांगितलं होतंस, हसत हसत. तुझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी तुझा कागद वर्गाला दाखवला आणि म्हणाले, याचा हात गोण्या शिवायचा आहे, लासलगावला पाठवा याला, कांद्याच्या गोण्या शिवायला. वर्ग हसला. तू घरी येऊन खरोखर गोणपाटाच्या तुकड्यावर कोळशाने रोज काढत बसलास, काढत बसलास, आणि कधीतरी यायला लागलं. म्हणूनच ते वाक्य. म्हणूनच गुंडी. ती गुंडी म्हणजे त्या मास्तरांना तू आयुष्यभर दिलेलं उत्तर होतं.

म्हणून मला खात्री होती की तू सांगणार नाहीस. हे नीट ऐक, सदा, कारण माझं म्हणणं इथेच आहे. मी तुला विचारलं, आणि तू नाही म्हणालास, आणि मला बरं वाटलं. मी बाप म्हणून माझं करून मोकळा झालो होतो, आणि तू मला त्यातून वाचवलं होतंस. मी तुझ्या नकारावर भरवसा टाकून विचारलं होतं. काही माणसांना आपण वाईट गोष्ट करायला सांगतो ती ते करणार नाहीत म्हणूनच. तुला हे कळायला हवं होतं. तू मला सगळ्यात जास्त ओळखत होतास.

पंधरा-वीस दिवसांनी वैशाली जेवताना म्हणाली, "मी सायन्सला जाते." एवढंच. तिच्या आईने विचारलं, "आणि चित्रकला?" ती म्हणाली, "नाही जमायचं ते." मी भात कालवत होतो. मी विचारलं नाही, का. मला शंका आली होती का? आली होती. ती मी भाताबरोबर गिळली. तिने तिचं ती ठरवलं, असं मी मला सांगितलं. बारावी झाली, औषधनिर्माणशास्त्र झालं, आता अंबडच्या कारखान्यात प्रयोगशाळेत गोळ्या तपासते. चांगली नोकरी आहे. तिचा तास कोणी उचलून नेत नाही.

त्यानंतरही आपण शनिवार मोडले नाहीत. किती वर्षं? तू गेलास त्याच्या आदल्या शनिवारपर्यंत. तोच तांब्या, तीच मिसळ. फक्त तू ते वाक्य म्हणेनासा झालास. वर्गात म्हणायचास, असं आता कळतं. माझ्यापुढे नाही. एकदा मी मुद्दाम डिवचलं, "काय रे, गुंडीवाल्यांचं काय झालं?" तू खिडकीतून बाहेर बघत म्हणालास, "तुझंच खरं असंल. असतो काहींना हात." मला वाटलं, मी वाद जिंकलो. मला मनातून आनंद झाला, सदा. इतका आनंद, की मी तुझ्या तोंडाकडे बघितलंच नाही.

द्वारकेवरून घरी आल्यावर वैशालीने तांब्या टेबलावर ठेवला. मी म्हणालो, "नीट सांग. काय झालं होतं?"

तिने सांगितलं. तू तिला एकटीला क्लासात बोलावलंस. हाच तांब्या ठेवलास. काढ म्हणालास. तिने दुपारभर काढला. तू कागद हातात घेतलास, खिडकीपाशी नेऊन बघितलास. मग ते वाक्य म्हणालास, इथपर्यंतच आहे.

"मी म्हटलं, काका, काय चुकलंय ते समासात काढून दाखवा ना. त्यांनी पेन्सिल घेतली. धरून बसले. आणि मग खाली ठेवली. काहीच काढलं नाही, बाबा. कोरा ठेवला. लहानपणापासून कधी असं केलं नव्हतं. आंधळ्यानं काढल्यासारखं चित्र असलं तरी काहीतरी काढायचे ते. मला कळलं, की आता दुरुस्त करण्याच्याही पलीकडे आहे हे."

मी खुर्चीवर बसलो.

"कुठे आहे तो कागद?"

"कपाटात खाली अंथरला होता. मग रद्दीत गेला असेल."

गेला. म्हणजे मला कधीच बघता येणार नाही. तुझ्या आयुष्यातला पहिला कोरा समास. तोंडाने तू माझं ऐकलंस, हाताने ऐकलं नाहीस. असं मला त्या क्षणी वाटलं आणि मी जवळजवळ तुला माफ केलं. मग दुसरा विचार आला. तू लाजेने पेन्सिल खाली ठेवली असशील. ज्या हाताने गोणपाटावर काढलं, त्या हाताने खोटी चूक काढवेना, एवढंच असेल. कोणतं खरं? तो कोरा समास तिच्यासाठी होता, की माझ्यासाठी? मी घरी कागद बघेन, मला अर्थ माहीत आहे, मी पळत येईन तुझ्याकडे, असं तुला वाटलं होतं का? तू वाट बघितलीस का माझी? दर शनिवारी?

एक शब्द बोलायला काय झालं होतं रे? मिसळ खाताना. "सांगितलं बाबा तिला" एवढं. मी तुला शिव्या घातल्या असत्या, आपण भांडलो असतो, मी घरी येऊन तिला खरं सांगितलं असतं. कदाचित नसतंही सांगितलं. पण तू मला ती संधीच ठेवली नाहीस. तुझ्या नांदगावच्या मास्तरांचं वाक्य तू उचललंस आणि माझ्या मुलीला दिलंस, आणि वर्षानुवर्षं माझ्यासमोर बसून माझी तांब्याची तोंडं सुधारत राहिलास. ज्याला हात नव्हता त्याला तू शिकवलंस. जिला होता तिला नाही म्हणालास. आणि हे दोन्ही माझ्यामुळेच.

तिला सांगितलं मी. तू म्हणशील, उशिरा. हो. मी टपरीवर काय म्हणालो ते सांगितलं, तू आधी नाही म्हणालास तेही, आणि कोऱ्या समासाचा अर्थ सांगितला. दोन्ही अर्थ. मला नक्की कुठला ते माहीत नाही, असंही म्हणालो.

तिच्या आईने स्वयंपाकघरातला गॅस बंद केला. तेवढा आवाज झाला.

वैशाली रडली नाही. तांब्या उचलून तिने त्याच्या पोच्यावरून अंगठा फिरवला. म्हणाली, "मला चित्र येतं की नाही, हे मी तुम्हा दोघांना विचारलंच कशाला?"

मग म्हणाली, "तुम्ही मला त्यांच्या शोकसभेला घेऊन जाणार होतात ना उद्या? मी नाही येणार." आणि आत गेली.

म्हणून मी सभेत बोललो नाही. वैशाली नाही आली, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मी तिथे बसून गुंडी काढून परत लावणारा तो मुलगा बघत होतो आणि मनात तुला म्हणत होतो, सदा, हे सगळे खरं बोलताहेत. तू यांच्याशी खरं बोललास. एकट्या आमच्याच घराशी खोटं बोललास, आणि तेही मी मागितलं म्हणून. मैत्री म्हणतात ती ही असेल तर तू ती जरा कमी करायला हवी होतीस.

काल शनिवार होता. शाळा सुटल्यावर मिसळ खायला गेलो नाही. घरी येऊन तांब्या स्टुलावर ठेवला, खाली वर्तमानपत्र, आणि काढायला बसलो. हाताला सवय आहे. उजवीकडे चार बोटं जागाही सवयीनेच सोडली गेली. सोडल्यावर लक्षात आलं. पोचा जमला. सावली बरी आली.

वैशाली कामावरून आली. माझ्याशी सध्या कामापुरतं बोलते. पाणी प्यायला आत जाता जाता माझ्या मागून गेली. थांबली नाही. जाता जाता म्हणाली,

"तोंड टोकदार झालंय. डाव्या बाजूला."

मी बघितलं. झालं होतं. मला दिसलं नव्हतं. तिला चालता चालता दिसलं, इतक्या वर्षांनी.

खोडरबर मी उचलला नाही. कागद टेबलावर तसाच आहे, समास कोरा. तुझी वाट बघून उपयोग नाही हे मला कळतं. ती त्यात काही काढेल की नाही, ते माहीत नाही. मी तिला सांगणार नाही. आणि या वेळी दुसऱ्या कोणाला सांगायलाही लावणार नाही. पेन्सिल मात्र टोक करून शेजारी ठेवली आहे.